मुरा राहू द्या

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सकाळी साडेनऊ. वत्सलाने ताटातला अर्धा भात कडेला सारला आणि हात धुतला. तिनेच सांगितले, "तोंडाले चव नाई आज."

हे वाक्य मी पूर्वी ऐकले आहे. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, याच ओसरीवर, याच ताटासमोर. तेव्हा मी मिठाची वाटी पुढे केली होती. आज काहीच पुढे केले नाही. काठी घेतली आणि परसातल्या जाळीघरात गेलो. मुळा बोटाएवढा जाड झाला आहे. पाने टवटवीत आहेत. इतक्या टवटवीत पानांकडे पाहून मला आता बरे वाटत नाही.

जाळीघर म्हणजे फार मोठे काही नाही. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर प्लॅस्टिकचे छत, चारी बाजूंनी हिरवी जाळी, आत ठिबकच्या नळ्या. योजनेच्या कागदावर त्याला हरितगृह म्हणतात. गावात त्याचे नाव 'जारी'. आमच्या झाडीपट्टीत ळ कोणी उच्चारीत नाही, त्या जागी र येतो. काळा माणूस कारा होतो, डोळे डोरे होतात आणि मुळ्याचा मुरा होतो. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. बाहेरून बदलून आलेले साहेब माझ्या बोलण्यावर हसत, म्हणून मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी जीभ वळवून ळ म्हणायला शिकलो, आणि तो पुढे कधी सोडला नाही. माझी बायको वत्सला मात्र शिकली नाही. मी टोकले की ती म्हणे, "तुमचा मुळा साहेबाच्या टेबलावरचा. माहा मुरा बांधीतला."

बांधी म्हणजे आमचे धानाचे खाचर. ते जंगलाला लागून आहे, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खालच्या अंगाला. धान कापला की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वत्सला मुळ्याचे बी फोकून देई. त्यानंतर त्याला कोणी पाणी देत नसे आणि खतही देत नसे. पौषात ती पदरात मुळे घेऊन येई. आखूड, वेडेवाकडे, सालीला चिकटलेली माती. भाताबरोबर एक फोड खाल्ली की नाकातून कानापर्यंत कळ जाई. मुलगी लहान असताना त्या फोडीला घाबरून ताटावरून उठत असे. वत्सला मात्र डोळ्यांतले पाणी पुसत दुसरा भात वाढून घेई.

आता ते शेत ठेक्याने दिले आहे. धानापुरती माणसे जातात तीही घोळक्याने, डबे वाजवीत, दिवस कलण्याआधी परत. धान घरी आला की ते शिवार वाघाचे. वनखात्याने तिथे फलक लावला आहे. फलक नसता तरी एकटे कोणी गेले नसते. मुळ्यासाठी तर नाहीच नाही.

चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास वत्सलाचा खोकला हटेना. थुंकी तपासली. क्षय निघाला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या नातीएवढ्या होत्या. त्यांनी गोळ्यांची पाकिटे दिली, आणि वत्सलाला बाहेर बसवून मला सांगितले, "आजोबा, औषध लागू पडेल. पण पोटात अन्न पाहिजे. वजन असेच उतरत राहिले तर या शरीराला औषध पेलायचे नाही. काय आवडते ते द्या, पण खायला घाला."

मला हे समजण्यासारखे होते. कालव्याला पाणी सोडायचे तर आधी त्याचे काठ सांभाळावे लागतात.

पण ती खाईना. गोळ्यांनी तिच्या तोंडाला गंजाची चव येई. वरण नको, दूध नको, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा उकडून दिल्या त्या नको. मासे आणले, त्यांचा वास नको. दोन घास खाऊन ती भिंतीला टेकून बसे. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या तेव्हा मी तिला जरा चढ्या आवाजात विचारले, "मग काय खाशील ते तरी सांग."

तिने बांगड्या ओढून मनगटाशी आणल्या. मग म्हणाली, "बांधीतला मुरा. झोंबनारा."

"तिथे कोण जाणार?"

"म्हूनच तं सांगत नोती."

दुसऱ्या दिवशी मी जाळीघरातली काकडी उपटून टाकली आणि मुळ्यासाठी जागा केली.

पहिली खेप फुकट गेली. शेजारच्या यमुनाबाईंनी आपल्या गोठ्यातले शेण दिले, मी घाईने ते तसेच मातीत कालवले. ते मुरलेले नव्हते. ओल्या शेणात मुळ्याला सरळ वाढता येत नाही. त्याला फाटे फुटतात. उपटले तेव्हा एकेकाला दोन-दोन, तीन-तीन तंगड्या. यमुनाबाई जाळीला नाक लावून पाहत होत्या. त्यांनी एक मुळा हातात धरला, उलटा केला आणि ओसरीकडे तोंड करून ओरडल्या, "अवो बाई, पाहून घ्या, तुमचा मुरा तं पायजमा घालून आला!"

वत्सला हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. यमुनाबाई मुळा तिथेच टाकून आत धावल्या आणि तिची पाठ चोळत बसल्या. क्षय म्हटल्यावर गावातल्या काही बायकांनी आमच्याकडे येणे कमी केले होते. यमुनाबाईंनी ते केले नाही. "माही पाठ कोन चोरंन मंग?" एवढेच त्या म्हणाल्या. हे येथे नोंदवतो, कारण पुढे मी त्यांच्यावर ओरडलो आहे.

मग मी नागभीडला रहमतभाईंच्या दुकानात गेलो. बी-बियाणे, खते, फवारणीचे पंप असे त्यांचे दुकान आहे. माणूस बोलका. मुळ्यासाठी युरिया मागितला तर त्यांनी हात जोडले.

"साहेब, युरिया जादा द्याल तं वर पालाच पाला होईन, अन् खाली उंदराची शेपटी. मुऱ्याले पोटॅश पाहिजे. सुपर फॉस्फेट घ्या, त्याच्यात गंधक राहते. गंधकानं तिखटपना येते. भाबीजी म्हनतीन, वा!"

"नक्की?"

"गॅरंटी नाई देत. मुऱ्याची गॅरंटी अल्ला बी नाई देत."

घरी वत्सलाचे मत वेगळे होते. तिच्या मते तिखटपणा शेणात असतो. मिठासारख्या पांढऱ्या खताने मुळा फुगतो आणि पाणचट होतो. या वादात मी कोणाची बाजू घेतली नाही. तीन वाफे पाडले. एकात जुने मुरलेले शेणखत, गांडूळखत आणि निंबोळी पेंड. दुसऱ्यात रहमतभाईंचे सुपर फॉस्फेट, पोटॅश आणि चिमूटभर युरिया. तिसऱ्यात दोन्ही निम्मे निम्मे. बी एकाच पाकिटातले, एकाच सकाळी टाकलेले. पाणी तिन्हींना सारखे. पाण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवायचे कारण नव्हते.

मी आयुष्यभर पाणी वाटले. पाळीप्रमाणे, घड्याळ पाहून. वरच्या अंगाचे शेतकरी रात्री दार फोडून पाणी घेत, आणि खालच्या टोकाची माणसे कोरड्या चारीत उभी राहून माझ्या सायकलची वाट पाहत. शेवटच्या शेताला पाणी पोचले पाहिजे, यापलीकडे मला नोकरीत दुसरे तत्त्व ठाऊक नव्हते. ते नेहमी पाळता आले असे नाही. जाळीघरात मात्र ते पाळणे सोपे होते. सकाळी ठिबकची चावी उघडायची, माती बोटाने पाहायची, चावी बंद करायची. त्या मुळ्यांना एक दिवसही तहान लागू दिली नाही.

तो महिना मला थकव्याच्या रंगाचा आठवतो. पहाटे धुके जाळीवर बसे आणि थेंब होऊन आत टपके. गावभर मळणीचा भुसा उडत असे, नव्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, गोडसर वास दाराशी येऊन थांबे. मी उठून चूल पेटवी, गोळ्या मोजून देई, भात करी, तो भात बहुतेक सगळा यमुनाबाईंच्या म्हशीला जाई. मग जाळीघरात जाई. आत ऊब असे. बाहेर जगाला थंडी वाजत असताना तीन वाफे आपापल्या खतावर निवांत वाढत होते. खताच्या वाफ्याची पाने आधी रुंद झाली. शेणाचा वाफा मागे होता, पण सगळी रोपे एका उंचीची. निम्म्या-निम्म्याचा वाफा दोघांच्याही पुढे गेला. मला तो पाहून समाधान वाटायला हवे होते. मी फक्त वत्सलाच्या बांगड्यांकडे पाहत होतो.

मुळे खाण्याजोगे झाले. पांढरे, सरळ, गुळगुळीत. अशी भाजी आमच्या घरात पूर्वी कधी आली नव्हती. मी तिन्ही वाफ्यांतला एकेक कापला, फोडी एका ताटलीत ठेवल्या, कोणती कुठली ते सांगितले नाही, आणि ताटली तिच्यापुढे सरकवली. यमुनाबाई उंबऱ्यावर बसून पाहत होत्या.

वत्सलाने पहिली फोड चावली. दुसरी चावली. तिसरी अर्धीच खाल्ली.

"तिन्ही एकाच मायचे लेकरं," ती म्हणाली. "पानी लागते. नुस्तं पानी."

"थोडे तरी तिखट आहेच की."

"तुमी खाऊन पाहा."

मी खाल्ले. पाणी होते. कुरकुरीत, थंड, स्वच्छ पाणी. ती वाईट वाटून म्हणाली, "तुमी लय मेहनत केली जी. पन मले नाई जात." आणि ताटली परत माझ्याकडे सरकवली. त्या दिवशी तिने एक घास भात खाल्ला.

पुढच्या आठवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा पोटात ठरेना. सकाळी गाडी बोलावली. यमुनाबाईंनी तिला कवेत घेऊन गाडीत बसवले. निघता निघता माझे लक्ष जाळीघराच्या कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेले. पुढच्या पेरणीसाठी शेण तिथे तणसाखाली मुरत घातले होते, आणि यमुनाबाईंना ते वाफ्यांत पसरायची फार घाई होती. पुन्हा पायजमे नकोत, म्हणून मी खिडकीतून हात बाहेर काढून तिकडे दाखवले आणि ओरडलो, "ते मुरू द्या! हात लावू नका!"

गाडी निघाली. पाण्याबद्दल काही सांगायचे राहिले. ते सांगावे लागेल असे मला वाटलेही नाही.

दवाखान्यात आठ-दहा दिवस गेले. त्याविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. सलाईनचे थेंब पडत होते आणि मी सवयीने ते पाहत होतो. किती सुटते, किती पोचते. शेजारच्या खाटेवरची गोंडपिपरीची म्हातारी सारखी विचारी, "भाऊ, तुमची बाई बोलत काऊन नाई?" गोळ्या दोन दिवस थांबवल्या, मग बदलून पुन्हा सुरू केल्या. सोडताना डॉक्टरीणबाईंनी वजन केले आणि काट्याकडे पाहून मान हलवली. मला पुन्हा बाजूला घेतले. त्या काय म्हणणार हे मला माहीत होते, आणि त्या तेच म्हणाल्या. "आता खाल्ले पाहिजे, आजोबा. आता मात्र खाल्लेच पाहिजे."

घरी आलो. वत्सलाला अंगणात बाजेवर उन्हात बसवले आणि मी जाळीघराचे दार उघडले. माती भेगाळली होती. पाने जमिनीवर लोळत होती, कडा पिवळ्या पडल्या होत्या. प्लॅस्टिकच्या छताखाली दुपारचे ऊन कोंडून बसले होते. टाकी काठोकाठ भरलेली होती. चावी मी बंद केली तशी बंदच होती.

मी यमुनाबाईंना हाक मारली. ती हाक कशी होती हे त्यांनी नंतर गावात सांगितले आहे, म्हणून येथे सांगत नाही. त्या हातातले शेण झटकीत आल्या.

"पाणी का दिले नाही?"

"तुमीच तं म्हनले भाऊजी!"

"मी काय म्हणालो?"

"गाडीतून वरडले नाई का? हात दाखवून? मुरा राहू द्या, हात लावू नका!" त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "मी तं बकरीले बी फिरकू नाई देलं. पोट्टे पाला मांगाले आले, त्याहिले बी हाकललं. म्हनलं, भाऊजीनं काई औसद मारलं असंन मुऱ्यावर. रोज येऊन पाह्यत होती, सुकून राह्यला, सुकून राह्यला. जीव तुटे माहा. पन तुमचा सबूद!"

'मुरू' आणि 'मुरा' यांत अंतर ते किती. मी मुळ्याला मुळाच म्हणतो, हे ध्यानात आले असते तर त्यांना संशय आला असता. पण जे शब्द मी बोललो त्यात ळ नव्हताच, आणि गावातल्या कोणीही ऐकला असता तसा त्यांनी त्यात मुळा ऐकला. ढिगाकडे त्यांचे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते. माझा हात ज्या दिशेला होता तिथे आधी मुळ्याचे वाफे होते.

भांडण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. मुळे उपटून बकरीला घालावेत म्हणून मी खाली बसलो. ते सहज निघेनात. माती घट्ट धरून बसले होते. निघाले ते पूर्वीएवढेच होते, आणखी जाड न झालेले, साल राठ, काही आतून भेंडाळलेले. एक जुडी झाली तेव्हा ती बाहेर नेऊन बाजेजवळ टाकली.

वत्सलाने वाकून त्यातला एक उचलला. पदराने पुसला. मी म्हणालो, "तो खराब झाला आहे. टाकून दे." तिने ऐकले नाही. चावा घेतला.

ती थांबली. मग तिच्या नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांतून पाणी आले, ते गालावरून खाली आले, आणि तिने तोंडावर हात धरला. मला वाटले पुन्हा उलटी. मी भांडे घ्यायला वळलो.

"लागला वो," ती म्हणाली. "नाकात गेला माह्या."

यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. वत्सलाने दुसरा चावा घेतला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भात हाय का थोडासा? मीठ बी आना."

भात नव्हता. यमुनाबाईंनी भिंतीवरून आपल्या घरचा आणला. वत्सला बाजेवर मांडी घालून बसली आणि तो भात तिने खाल्ला. मुळ्याचा चावा, मिठाचा खडा, भाताचा घास. मध्येच डोळे पुसत होती. आम्ही दोघे उभे होतो. ताट रिकामे झाल्यावर ती म्हणाली, "पायजमावाल्यापेक्षा हा बरा," आणि यमुनाबाई इतक्या मोठ्याने हसल्या की बकरी दोर तोडून पळाली.

त्यानंतर मी तिन्ही वाफ्यांतले मुळे वेगवेगळे काढून चाखले. शेणाचा झोंबला, खताचा झोंबला, निम्म्या-निम्म्याचाही झोंबला. बी तेच होते, खते तीच होती. बदलले होते ते एक पाणी. बांधीत धानामागच्या ओलीवर वाढणारा मुळाही पौषापर्यंत तहानलेलाच असे. ते माझ्या, वत्सलाच्या किंवा रहमतभाईंच्या, कोणाच्याच लक्षात आले नव्हते. रहमतभाईंना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हनजे साहेब, मी खत इकतो अन् तुमी न देल्यानं चव आनता. माहं दुकान बंद कराले निंगाले का?" तरी पुढच्या वर्षी त्यांनी पोटॅश मला दिलेच, आणि मी घेतलेही. खत लागतेच. मुळा आधी भरला पाहिजे. मग शेवटच्या दिवसांत त्याचे पाणी तोडायचे.

त्या जुड्या माघापर्यंत पुरल्या. वजनाचा काटा आधी थांबला, मग हळूहळू वर सरकला. गोळ्या पूर्ण झाल्या. बांगड्या पुन्हा मनगटाशी आल्या. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी एक वाफा तहानेसाठी राखतो. चावी बंद करताना दर वेळी हात जड होतो. ज्या हाताने जन्मभर पाणी पोचवले त्या हाताला हे काम शोभत नाही.

यातून कोणी बोध काढू नये. हाल सोसल्याने माणसाला धार येते, असे एका कीर्तनकारांनी ही हकीकत ऐकून मला समजावले. मी त्यांना चहा दिला आणि निरोप दिला. मी कालव्याच्या शेवटच्या टोकाची माणसे पाहिली आहेत. तहानेने ती तिखट होत नाहीत. थकतात, आणि एके दिवशी सायकलची वाट पाहणे सोडतात. मुळ्याचे मुळ्यापाशी राहू द्यावे.

आज दुपारी गावचे आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताई येऊन थुंकीसाठी डबी ठेवून गेल्या. दोनचार दिवसांपासून वत्सलाला थोडा खोकला आहे. थंडीचा असेल. ती तसेच म्हणते. सकाळच्या पहिल्या थुंकीचा नमुना घेऊन मला उद्या तालुक्याला जायचे आहे. डबी देवळीत ठेवली आहे, तिच्या नजरेस पडेल अशी, पण समोर नाही. संध्याकाळीही तिने भात अर्धाच खाल्ला. मी तिच्या बांगड्यांकडे पाहिले. चुलीच्या उजेडात नीट दिसले नाही.

दिवस बुडता बुडता पुन्हा जाळीघरात गेलो. मुळा अजून पुरता भरलेला नाही. आणखी आठवडाभर पाणी मिळाले असते तर जाड झाला असता. यमुनाबाई म्हशीचे दूध काढून भिंतीपाशी उभ्या होत्या. मी चावीला हात घातलेला त्यांनी पाहिला.

"भाऊजी, आत्ताच काऊन बंद करून राह्यले? बारीक हाय अजून."

"मुरा राहू द्या," मी म्हणालो. "हात नका लावू."

माझ्या तोंडून तो र ऐकून त्या हसणार होत्या. मग ओसरीकडे त्यांची नजर गेली आणि त्या हसल्या नाहीत.

"बाई जेवली का?"

"अर्धे."

त्यांनी दुधाचा तांब्या भिंतीवर ठेवला आणि त्या आत वत्सलाकडे गेल्या. मी वाफ्याची चावी पुरती फिरवली. नळीच्या टोकाशी शेवटचा थेंब लोंबत होता, तो पडेपर्यंत थांबलो. मग खिशातली सुतळी काढून चावीला दोन वेढे दिले आणि गाठ मारली.